खूण

तीन वेळा परत आलं.
पहिल्यांदा मोकळ्या जागांवरून: मी टॅब मारले होते,
त्यांच्याकडे चार स्पेस चालतात.
मान्य. घर त्यांचं,
चपला कुठे काढायच्या ते त्यांनी सांगावं.
दुसऱ्यांदा नावातल्या एका मोठ्या अक्षरावरून.
तिसऱ्यांदा एवारिस्तोने लिहिलं
(तो पायसांदूला असतो, नदीकाठी, तिकडे तेव्हा थंडी होती):
"बिरिता, बाकी सगळं छान.
पण ती दुसरी फाइल, दोनशे बारा ओळींची,
ती कुणाची?"

कुणाची म्हणजे?
बंदराच्या हापिसात अकरा वर्षं चालतेय.
टोर्सहावनच्या धक्क्यावर पाणी जेमतेम वीतभर चढतं, वीतभर उतरतं,
पाहुण्याला वाटतं समुद्र झोपलाय.
तेच पाणी दोन बेटांच्या मधून निघालं
की अवेळी सुटलेल्या होडीला
विचारत नाही कुठे जायचंय.
कधी निघावं, कधी थांबावं
ते ही फाइल सांगते.
माथ्यावर नाव नाही. परवाना नाही.
तळाशी एक शेरा फक्त:
"हे असं का, ते विचारू नका."

शेरा ओळखीचा. होग्नी.

शनिवारी सुदुरॉयची बोट धरली.
दोन तास, आणि एक कॉफी, जिची चव डिझेलसारखी.
होग्नीने कॉम्प्युटर सोडला त्याला आठ वर्षं झाली.
लोकर काढायचे दिवस; तो कुंपणापाशी
गुडघ्यांत मेंढी दाबून उभा.
मी छापून नेलेले चार कागद पुढे केले.
एक वाऱ्याने नेला. उरलेले तीन त्याने वाचले,
परक्याचं पत्र चुकून हाती यावं तसे.
"कुणी लिहिलंय? बरं लिहिलंय."
"तू."
"छे."
मग शेवटच्या पानावरचा शेरा दिसला
आणि म्हातारा मानेपर्यंत लाल झाला.

"घेऊन टाक की. कुणी अडवलंय?"
"लिहून लागतं."
"कुणाला?"
"सगळ्यांनाच. उद्या कुणीही घेईल, बदलेल, विकेलसुद्धा.
तू हरकत घेणार नाहीस हे त्यांना कळायला हवं."
"मी मेल्यावर?"
"तेव्हा तर जास्तच."

तो हसला नाही. मेंढीचे कान उलटे करून दाखवले:
डाव्याला टोकापाशी तिरपी चीर, उजव्याला मागून खाच.
पणजोबांपासूनची खूण. डोंगरावर कुठेही सापडली
तरी कुणाची, असं कुणी विचारत नाही.
मी म्हटलं, फाइलीला कान नसतात.
"म्हणून एवढे कागद," तो म्हणाला,
आणि मेंढी सोडली.
ती अर्धी उघडी, अर्धी लोकरीत, तशीच पळाली.

खाद्याच्या पावतीच्या पाठीवर लिहून दिलं:
जे मी लिहिलं ते कुणीही घ्यावं, नाव तेवढं राहू द्यावं.
खाली सही. सहीशेजारी दोन कान, खाचांसकट.

"पावती मिळाली, आभार," एवारिस्तोचं उत्तर.
"हे चित्र कसलं?"
"कानांचं."
मग दोन दिवस काहीच नाही.
तिसऱ्या दिवशी होग्नीचं नाव फाइलीच्या माथ्यावर घालून
चौथ्यांदा पाठवलं.
तिकडचं यंत्र एकेक भाग तपासत गेलं,
हिरवं, हिरवं, हिरवं,
आणि एके ठिकाणी लाल.

होग्नीच्या नावातला तो ओ.
आमच्या लिपीत त्याला आरपार तिरपी चीर असते.
त्या यंत्राला ती कळली नाही.
तिथे त्याने एक प्रश्नचिन्ह ठेवलं.

एवारिस्तो म्हणतो, साधा ओ लिही, लगेच आत घेतो.
भला माणूस आहे. त्याचीही झोप झालेली नाही.

रात्रीचे सव्वा अकरा,
बाहेर अजून वाचता येईल इतका उजेड,
थोड्या वेळात प्रवाह उलटा फिरेल.
मी त्यांच्या यंत्राचीच ती ओळ उघडून बसलेय
जिला चीर दिसत नाही.
हे दुसरं काम. हे वेगळं पाठवावं लागेल,
पहिल्यापासून,
चार स्पेस सोडून.